दसऱ्याच्या फोटोतला दुसरा ट्रक

स्कोफिल्ड्स, सिडनी
एप्रिल अखेर

हृषिकेश,

नावाआधी 'चि.' नाही, हे तू चष्मा लावायच्या आधीच टिपलं असशील. मी विसरलेले नाही. 'अनेक आशीर्वाद'ही मुद्दाम गाळले आहेत, आणि त्यांच्या जागी जे लिहायला हवं ते लिहायला हात अजून तयार नाही. तेव्हा या पत्रापुरता तू नुसता हृषिकेश. कारण पुढे येईल. नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तुझी साखर आटोक्यात आहे असं मयूरा कळवते आणि नाही असं तुझा आवाज कळवतो. सकाळी चालायला जातोस की चहाच्या गाड्यापर्यंत जाऊन येतोस? मयूराची टाच कशी आहे? (तेल चोळायला सांगितलं होतं. चोळलं नसणार. तुमच्या घरात सल्ला ऐकतात फार छान, पण तेवढंच.) इकडे शिरीष, म्हणजे तुझे दाजी, ठणठणीत आहेत. मी ठणठणीत आहे. माझ्या मोटारीचा मागचा डावा दिवा तेवढा ठणठणीत नाही, आणि सगळं प्रकरण तिथून सुरू होतं.

गुढीपाडव्याला इथल्या मंडळाचा कार्यक्रम होता. तो संपवून मी गाडी मागे घेत होते. मागे ट्रक होता. मोटारींच्या पार्किंगमध्ये ट्रक, तोही सत्तर वर्षांचा, हिरवा, त्यावर गुढी बांधलेली, असा कोणी उभा करून ठेवील हे माझ्या काय, कोणाच्याच आरशात दिसलं नसतं. तो शोभायात्रेसाठी आणला होता म्हणे. धडक झाली असं मधुवंती म्हणते. धडक नव्हे, स्पर्श झाला. ट्रकला ओरखडाही उठला नाही (पूर्वी लोखंड वापरायचे), माझ्या गाडीचा दिवा मात्र चुरा होऊन खाली पडला. ट्रकचा मालक धावत आला आणि माझ्याकडे न बघता आधी ट्रकच्या बंपरवरून हात फिरवू लागला. मग म्हणाला, "नो वरीज, आन्टी, तिला काय झालं नाय." हा डॅरेन. वसईचा पोरगा, मेकॅनिकल इंजिनिअर, आठवडाभर रेल्वेचं काम करतो आणि शनिवार-रविवार जुने ट्रक दुरुस्त करतो. पोरगा म्हणते, पण पन्नाशीचा असेल. त्याच्याशी ओळख झाली ती अशी. चांगल्या ओळखी अशाच होतात, असं मी मधुवंतीला म्हटलं. ती खाली पडलेले दिव्याचे तुकडे वेचत राहिली. माझी लेक गप्प बसली की समजायचं, काहीतरी शिजतंय.

घरी आल्यावर तिने मला माझाच कायदा ऐकवला. तुला आठवत असेल, तुझे दाजी पंचाहत्तर वर्षांचे व्हायला आले तेव्हा त्यांनी एका चौकात उलट्या बाजूने वळसा घेतला होता. त्या आठवड्यात मी घरात नियम केला: पंचाहत्तरी ज्या दिवशी, त्या दिवशी औक्षण झालं की मोटारीच्या किल्ल्या ताटात ठेवायच्या आणि त्या पुढच्या पिढीने उचलायच्या. अपवाद नाही. तुझ्या दाजींनी किल्ल्या ठेवल्या, वर पेढाही ठेवला. तेव्हापासून ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून, समोर काही नसताना, "ब्रेक" म्हणतात. मधुवंतीने मला शांतपणे विचारलं, "आई, एक जूनला तुझी पंचाहत्तरी. ताट तेच घ्यायचं ना?"

(सरकारचा इथे काही संबंध नाही, हे आधी स्पष्ट करते. इथे पंचाहत्तरीनंतर दर वर्षी डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. तो मी देईन. माझे डोळे, कान, गुडघे, सगळं तपासा. माझा वाद सरकारशी नाही, माझ्याच घरातल्या सरकारशी आहे.)

इथे मोटार म्हणजे काय, हे कराडात बसून कळायचं नाही. तुझं दूध संपलं तर तू पायात चप्पल सरकवतोस. माझं संपलं तर मी किल्ली उचलते. बस आहे, पण ती आपण थांब्यावर पोचायच्या आत गेलेली असते. वाचनालय, पोहायचा तलाव, हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून भाजणी आणणं, मंडळाच्या बैठकीला जाऊन लोकांच्या चुका दाखवणं, हे सगळं त्या एका किल्लीवर चालतं. देवळातून बाहेर आल्यावर चपला चोरीला गेलेल्या माणसाला बघितलं आहेस ना? पायरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत असतो. तुझे दाजी गेली काही वर्षं असे उभे आहेत. त्यांना चालतं. मला चालणार नाही. पण नियम माझा, आणि मी केलेला नियम मीच मोडला तर आयुष्यभर शाळेत मुलींना काय शिकवलं, हा प्रश्न उरतो. मी एक जूनकडे, फाशीची तारीख ठरलेल्या माणसाने बघावं तशी बघत होते.

आता फोटो. पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात मोठा करून लावायचा म्हणून मधुवंतीने मयूराकडून तुमच्या बैठकीतल्या दसऱ्याच्या फोटोचा फोटो मागवला. मयूराने तो भिंतीवरून न उतरवता मोबाइलवर काढून पाठवला, त्यामुळे अण्णांच्या कपाळावर तुमची ट्यूबलाइट उगवली आहे. तरी बाकी सगळं दिसतं. तू तो फोटो रोज बघतोस म्हणजे कधीच नीट बघितला नसशील, म्हणून सांगते. घरापुढच्या अंगणात आपले दोन ट्रक शेजारी शेजारी, दसऱ्याच्या पूजेसाठी सजवलेले, दोघांना झेंडूच्या माळा. डावीकडची ती बसक्या नाकाची, जिला घरात सगळे नकटी म्हणायचे, काकांनी लढाईनंतर लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावात घेतलेली. उजवीकडे दुसरा ट्रक, गूळ घेऊन कुंभार्ली घाट उतरणारा. मध्ये दोघे भाऊ, अण्णा आणि काका, कोट-टोपी घालून. आईच्या मांडीवर झबल्यातली मी. आणि काकू, म्हणजे तुझी आई, दुसऱ्या ट्रकच्या मडगार्डपाशी केळीच्या खुंटामागे वाकलेली, नुसती पाठ आणि हात दिसतात. फोटोमागे अण्णांच्या अक्षरात 'चि. पद्माचा पहिला दसरा'. साल नाही. सालाची गरजच नव्हती. माझा जन्म एकावन्नचा, म्हणजे पहिला दसरा एकावन्नचा. तू जन्मलास बावन्नच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून तू फोटोत नाहीस. फोटोत पद्मा आहे आणि हृषी नाही, एवढ्या एका पुराव्यावर मी जन्मभर तुझी ताई आहे, आणि तू दर दिवाळीला वाकून नमस्कार करतोस. (वाकणं अलीकडे तू कमरेपर्यंतच आणलं आहेस. माझ्या लक्षात आहे.)

मोठा करून छापलेला फोटो घेऊन मी गाडीच्या दिव्याचं विचारायला डॅरेनकडे गेले. तो जुने सुटे भाग कुठे मिळतात ते जाणतो. फोटो टेबलावर ठेवला तर तो दिव्याचं विसरला आणि दुसऱ्या ट्रकवर बोट ठेवून म्हणाला, "आन्टी, ही बेडफर्ड आहे. माझ्या बेडफर्डची बहीण. पण ही एकावन्नची कशी असेल?" मी विचारलं, का नसेल? त्याने समजावलं ते तुला समजेल अशा भाषेत सांगते. बेडफर्डचं जुनं मॉडेल त्रेपन्नपर्यंत निघत होतं. त्याचे दिवे मडगार्डच्या वर वेगळे बसवलेले, बेडकाच्या डोळ्यांसारखे. त्रेपन्नला नवं मॉडेल आलं, त्यात दिवे मडगार्डच्या पोटात शिरले. डॅरेनच्या मते आपला ट्रक नवा होता. म्हणजे फोटो त्रेपन्नचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे माझा पहिला दसरा त्रेपन्नच्या आधीचा नाही. म्हणजे मी अजून पंचाहत्तरची नाही.

मी खुर्चीत बसले. कसला आनंद झाला म्हणून सांगू! किल्ल्या वाचल्या. नियम माझा, पण नियम पंचाहत्तरीचा आहे, शाळेत लिहिलेल्या तारखेचा नाही. माझी तारीख एक जून आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांना जन्मतारीख कोणी सांगितली नाही की ते एक जून लिहीत. आपल्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मला आहे. त्यातून माझा जन्म आजोळी, तिथे नोंदच नाही. जी तारीखच मास्तरांची, तिचं साल तरी देवाचं कशावरून?

घरी येताना दुसऱ्या चौकात सिग्नलला थांबले आणि मग मला कळलं की मी तुझी ताई राहिले नाही. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. (इथे कोणी हॉर्न वाजवत नाही. म्हणजे मी बराच वेळ थांबले असेन.)

तर हृषिकेश, प्रश्न असा होता. दिवे वर असतील तर मी थोरली, पण किल्ल्या गेल्या. दिवे पोटात असतील तर किल्ल्या राहिल्या, पण ताईपण गेलं. आणि दिवे दिसत नव्हते. दसरा होता ना! दोन्ही मडगार्डना केळीचे खुंट बांधलेले आणि पानं पसरून दिव्यांवर आलेली. मधुवंतीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, तुला हवं ते मॉडेल तू निवडू शकत नाहीस. मी म्हटलं, मी निवडत नाही, तज्ज्ञ निवडतील. रविवारी डॅरेनच्या शेडमध्ये बैठक ठरली.

शेड रिव्हरस्टोनच्या पलीकडे आहे. आम्ही तिघं, मधुवंतीची निहारिका, डॅरेन, आणि डॅरेनच्या क्लबातला कॉलिन म्हणून एक उंच, लाल चेहऱ्याचा म्हातारा, ज्याने तरुणपणी बेडफर्डवर लोकर वाहिली होती. गाडी मी चालवली. तुझे दाजी वाटेत तीनदा ब्रेक म्हणाले. मागच्या सीटवर मधुवंती एकदाही काही म्हणाली नाही, म्हणजे ती माझ्या हातांकडे बघत होती. मी इतकी नीट गाडी परीक्षेतसुद्धा चालवली नव्हती.

कॉलिनने फोटो उजेडाला धरला आणि नकटीकडे बघून एकदम ओरडला, "ब्लिट्झ! देअर शी इज, द ओल्ड गर्ल!" लढाईतले ते ट्रक इथेही शेतकऱ्यांनी घेतले होते आणि त्यांना इथे ब्लिट्झ म्हणतात. आपण जिला जन्मभर नकटी म्हणून हिणवलं तिच्याकडे तो माणूस, लग्नातल्या नवरीकडे बघावं तसा बघत होता. पण नकटीचा उपयोग काय? ती कुठल्याही दसऱ्याला तिथे असणारच. सगळा प्रश्न दुसऱ्या ट्रकचा.

त्यावर त्या दोघांची जुंपली. कॉलिनचं म्हणणं, चालकाची केबिन इतकी चौकोनी आहे, हे जुनं मॉडेलच. डॅरेन म्हणाला, "मेट, ती केबिन कंपनीची नाय. आमच्याकडे पुढचं नाक कंपनीचं, बाकी सगळं सुताराचं." हे खरं आहे. आपली केबिन मंगळवार पेठेतल्या सुताराने सागवानात केली होती आणि पाऊस लागला की तिचं दार फुगायचं. कॉलिनने विचारलं, मग नाक का दिसत नाही, आणि लोकांनी ट्रकला झाड का बांधलं आहे? मी त्याला दसऱ्याचं सांगितलं, ज्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची. त्याला ते इतकं पटलं की तो म्हणाला, आपण ट्रकला चाळीस वर्षं नुसत्या लाथा घातल्या. पण पटलं तरी दिवे दिसेनात. डॅरेनने भिंग आणलं. पानामागून काही चमकतं का ते बघितलं. चमकत होती ती तुमची ट्यूबलाइट.

आणि त्याच वेळी मला दिसलं. कोणालाच दिसलं नव्हतं, कारण त्यांना काकू माहीत नव्हती.

आपण सगळे असं समजत आलो की काकू वाकली आहे ती लाजून, मोठ्या दिरासमोर फोटोत तोंड दाखवायचं नाही म्हणून. पण काकू लाजणाऱ्यांतली होती का? तुझी आई आहे, तूच सांग. ती पूजा करत होती. दर दसऱ्याला ती आधी ट्रकच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावायची, डोळे म्हणून, आणि मग बाकीच्या अंगाला. फोटोत तिचा उजवा हात पानामागे गेला आहे, पूजेचं तबक डाव्या हातात. दिवे मडगार्डच्या वर असते तर आपल्या उंचनिंच काकूला हात खांद्यापर्यंत उचलावा लागला असता. ती वाकली आहे. कारण दिवा खाली आहे. मडगार्डच्या पोटात.

डॅरेन भिंगातून बघत होता, कॉलिन चष्मा पुसत होता, मधुवंती माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहिले असते तर निकाल लागला नसता, आणि निकाल न लागता मास्तरांची तारीख कायम राहिली असती. मी ताई राहिले असते. अक्षरशः तोंड मिटून बसण्याचाच प्रश्न होता. बोलले तर गाडी, गप्प बसले तर तू.

मधुवंती म्हणाली, "आई, तुला काहीतरी दिसलंय."

मी सांगितलं. किल्ल्यांसाठी सांगितलं की खरं म्हणून सांगितलं, ते मला विचारू नकोस. दोन्ही एकाच बाजूला होती ही माझी सोय.

डॅरेनने टाळी वाजवली. निहारिका म्हणाली, "आजी, यू आर लिटरली गेटिंग यंगर." पण मधुवंती माझी मुलगी आहे. ती म्हणाली, थांबा. हा फोटो त्रेपन्नचा असेल तर हृषीमामा तेव्हा पावणेदोन वर्षांचा. दसऱ्याच्या दिवशी, घरच्या अंगणात, घरातला एकुलता एक मुलगा फोटोत नाही? अण्णाआजोबांनी तसा फोटो काढू दिला असता? मामा नाही म्हणजे मामा जन्मलाच नव्हता. म्हणजे फोटो एकावन्नचा. काकूआजी नुसती लाजली असेल.

युक्तिवाद बिनतोड होता, आणि तो मीच तुझ्याविरुद्ध जन्मभर वापरलेला होता. किल्ल्या परत ताटाकडे सरकू लागल्या. तुझे दाजी हलकेच म्हणाले, "ब्रेक."

तेवढ्यात कॉलिनने दुसऱ्या ट्रकच्या काचेवर बोट टेकवलं आणि सहज विचारलं, "सो हूज द लिटल ब्लोक ड्रायव्हिंग?" म्हणजे, ट्रक चालवतोय तो छोटा गडी कोण?

आम्ही म्हटलं, तो नारळ आहे. स्टिअरिंगच्या वर, काचेमागे, पांढरट गोल दिसतं ते. पूजेचा नारळ. तुझ्या घरातही सगळे तेच सांगतात. कॉलिन म्हणाला, त्याने आयुष्यात ट्रकमध्ये नारळ ठेवलेला बघितला नाही, पण स्टिअरिंगमागे चढून बसलेली पोरं भरपूर बघितली आहेत, आणि या नारळाला कान आहेत. डॅरेनने भिंग धरलं. कान होते. दोन. त्यातला एक बाहेर आलेला. हृषिकेश, तुझा डावा कान.

तुझं जावळ नुकतंच काढलेलं असणार. तुळतुळीत डोकं, त्यावर कॅमेऱ्याचा उजेड, आणि आपण सगळे शेंडीवाल्या नारळाला हात जोडून मोकळे. सगळं घर खाली कोट-टोपी घालून शिस्तीत उभं आणि तू वर चढून ट्रक चालवतो आहेस. पावणेदोन वर्षांचा असताना. आणि त्याच फोटोच्या जोरावर मी तुला सांगत आले की तू तेव्हा नव्हतासच.

निकाल लागला. मी त्रेपन्नची. तू बावन्नचा. कॉलिनने चहा केला, डॅरेनने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. परत येताना गाडी मीच चालवली. कोणी ब्रेक म्हणालं नाही. घरापाशी आल्यावर तुझे दाजी म्हणाले, "उतरा, धाकटे."

त्यानंतर दोन दिवस मी बोटांवर वर्षं मोजत होते. असं कसं झालं याचा विचार केला. तू शाळेत एकटा जायला तयार नव्हतास, रस्त्यावर लोळण घ्यायचास, हे काकू नेहमी सांगायची. सोबत म्हणून मला बसवलं असणार, आणि चार वर्षांच्या मुलीला मास्तर घेईनात म्हणून साल मागे ढकललं असणार. मग घरात तेच चालू राहिलं: ताईचं बोट धर, ताईला विचार, ताई सांगेल ते कर. मला आठवतं त्या सगळ्यात मी पुढे आहे आणि तू माझ्या बोटाला आहेस. आता हिशेब असा की पुढे चालणारी चार वर्षांची होती आणि मागून येणारा साडेपाच वर्षांचा. मला रस्ता माहीत नव्हता, हृषी. मी नुसती भरभर चालायचे, म्हणजे तुला कळू नये. लोक मला कडक म्हणतात. तूही म्हणतोस, मयूराजवळ, फोन बंद झाला असं समजून. तो स्वभाव नव्हता. ते काम दिलं होतं.

असो. तुमची तिकिटं पंचवीस मेची आहेत, ती तशीच ठेवा. कार्यक्रमाचं सभागृह ठरलं आहे, ते मी रद्द करणार नाही. कोणाची पंचाहत्तरी ते आल्यावर ठरवू. तुझी पुढच्या संक्रांतीला आहेच. थंडी सुरू होते आहे, स्वेटर आणा. गुळाची ढेप आणू नका, विमानतळावर उघडून बघतात. मयूराला टाचेला तेल लावायला सांग, आणि ती लावते का ते उभा राहून बघ.

तुझी
पद्मा

ता. क. आता कामाचं. शेडमध्ये निकाल लागला तरी मधुवंतीने किल्ल्यांचं मान्य केलेलं नाही. ती म्हणते, वय दोन वर्षांनी कमी झालं म्हणून फुटलेला दिवा जोडला जात नाही. मी तिला नियम दाखवला. तर तिने मला माझाच दुसरा नियम दाखवला: घरात वाद मिटला नाही तर थोरल्याने निर्णय द्यायचा आणि सगळ्यांनी निमूट ऐकायचा. आता थोरला तू. तेव्हा हे मिळताच तिला फोन कर आणि थोरल्या मामाच्या आवाजात (तुझ्या नेहमीच्या नाही) सांग की, 'पद्माच्या किल्ल्या पद्माकडेच राहतील, विषय संपला.' एवढंच वाक्य. पुढे बोलू नकोस, तू बोललास की बिघडतं. हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं आहे. पोस्टाला वेळ लागतो, म्हणून पानांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवते.

ता. क. २. पानांचे फोटो काढायचे राहिले, कारण माझा मोबाइल मधुवंती 'अपडेट करून देते' म्हणून घेऊन गेली. आता कळतं आहे का नेला. तिने माझ्या आधी तुला फोन केला. संध्याकाळी घरी येऊन तिने स्पीकर लावला आणि तू, बहात्तर तासही न झालेला थोरला, माझ्या स्वयंपाकघरात बोललास, "पद्मे, किल्ल्या देऊन टाक. नवा दिवा बसेपर्यंत नाही, कायमच्या." पद्मे! मयूरा मागून हसत होती, ऐकू आलं. तुला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. थोरल्याचं ऐकायचं असतं हे मीच तुला शिकवलं, म्हणून मी ऐकलं. किल्ल्या फ्रिजवरच्या वाटीत ठेवल्या आहेत. ताटात ठेवलेल्या नाहीत. ताट पंचाहत्तरीला असतं.

ता. क. ३. आज सकाळी बसने डॅरेनकडे गेले. (दोन बस. मध्ये अर्धा तास उभी.) त्याला विचारलं की मोबाइलवरून, काचेतून, ट्यूबलाइटसकट काढलेल्या फोटोच्या फोटोवर मॉडेल ठरवणं कितपत शास्त्रीय आहे? प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, मूळ फोटो बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही. माझंही तेच मत होत चाललं आहे. वाकलेल्या बाईवरून दिव्याची उंची ठरवणं म्हणजे फारच झालं, तिची कंबरही दुखत असेल. तरी भिंतीवरून मूळ फोटो चौकटीसह उतरव, जुन्या लुगड्यात गुंडाळ आणि हातातल्या बॅगेतून घेऊन ये. सामानात टाकू नकोस. वाटेत त्याला पुसू नकोस, भिंग लावू नकोस, कान मोजू नकोस. तुम्हाला घ्यायला विमानतळावर मधुवंती येईल. फोटो तिच्या हातात न देता माझ्या हातात दे. पुन्हा तपासणी होऊन निकाल लागेपर्यंत थोरला तूच आहेस, पण हंगामी, हे लक्षात ठेवून वाग.